विधानसभेतली चौकी

अरे, आमच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, काय धमाल केली माहितीये? त्यांचं गाव खानदेशात, नरडाण्याच्या पलीकडं. नानांची विहिरीवरची मोटार दोनदा चोरीला गेली, पण गावात पोलीस चौकीच नाही! आमदारांनी विधानसभेत विचारलं, तर सरकारचं उत्तर काय? "चौकी दोन वर्षांपासून सुरू आहे, चार पोलीस आहेत!"

मग विधानसभेची समितीच बघायला आली! त्याच सकाळी अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीतला कापूस बाहेर काढला, पाटी ठोकली आणि तालुक्याहून एक हवालदार आणून बसवला.

समितीच्या साहेबांनी विचारलं, "कुणाची काही तक्रार?"

नाना लगेच पुढं. "शे ना, साहेब! दोन वरीसपाईन आमना चार पोलीस हराई गयात. लिखी ल्या!"

हवालदारानं गपचूप लिहिली रे चार पोलीस हरवल्याची तक्रार! आणि साक्षीदार म्हणून खाली साहेबांनीच सही ठोकली!