मास्तरांच्या वाट्याची घागर

डोमा : तरीच म्हनतो! पोराच्या पत्राले तुमी उत्तरच नाई धाडलं?

गुरुजी : लिहिलं रे. वाचून पाहिलं की बरोबर वाटेना. फाडून टाकलं.

कुंताबाई : असं काय पुसलं त्यानं, का शाळामास्तरले उत्तर येत नाई?

गुरुजी : 'बाबा, भिलाईला या. इथे नळाला पाणी आहे.' एवढंच.

डोमा : मंग कायले अडून राहिले?

गुरुजी : गेलो तर मास्तर पळाला म्हणतील. राहिलो तर... डोमा, तुमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या विहिरीकडे आमची आळी कधी फिरकली नाही. आज तिच्याच पाण्यावर जगतो आहे.

डोमा : ते सोडा. बाकीच्या आटल्या, हिच्यात हाये. दर घराले एक घागर. त्यातलाच गडवाभर पऱ्ह्याले.

गुरुजी : सगळ्या गावाची भातरोपं एका बांधीत, एकाच खाचरात. कुंताबाई, तुम्हाला तर शेत नाही, तरी तुम्ही ओतता.

कुंताबाई : रोवणीच नाई झाली तं मले मजुरी कोन देईन? पोटासाठी ओततो जी.

गुरुजी : आणि माझी घागरही तुम्हीच ओढता.

कुंताबाई : मंग का तुमी ओढान? दोरासंगं विहिरीत जान!

गुरुजी : डोमा, रोपं किती वाचतील?

डोमा : खोटं नाई सांगत. कडेचे गेले. मधातले पिवळे पडून राहिले. बहात्तर सालीबी असं नोतं. विहिरीत आता गाळ येते.

गुरुजी : टँकर येणार होता ना?

डोमा : मोहाडीच्या रस्त्यावर धूळच हाये.

गुरुजी : म्हणून आजचं कार्ड फाडलं नाही. 'येतो' असं लिहिलं आहे, टपालपेटीत टाकायलाच निघालो आहे.

कुंताबाई : जाता?

गुरुजी : माझी अख्खी घागर रोपांना मिळेल. माझ्या हातून गावासाठी दुसरं काय होणार?

डोमा : गावानं तुमाले जा म्हटलं का?

गुरुजी : कोणी म्हटलं असतं तर सोपं होतं.

डोमा : रिकाम्या गोठी नका करू. द्या इकडं ते कार्ड.

गुरुजी : नको. पेटी आली. मीच टाकतो.

(कार्ड पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज.)

डोमा : ...रिकामीच हाये पेटी.

गुरुजी : कुंताबाई, उद्यापासून माझ्या पाळीची घागर...

कुंताबाई : काढीन जी. तुमचं नाव घेऊनच ओतीन. पऱ्हे जगले तं रोवणीले या.

गुरुजी : आणि नाही जगले तर?

कुंताबाई : तं मंग भिलाईत माह्यासाठीबी काम पाहून ठेवा.