दार उघडण्याआधीचा श्वास

सून : थांबा, आई. आत्ता जे केलंत ते परत करा.

सासू : काय केलं? उशीला अभ्रा घातला. तो काढून परत घालू?

सून : अभ्रा नाही हो. गुणगुणलात ते.

सासू : मी? छे. मी कुठली गुणगुणायला. पंख्याचा आवाज असेल.

सून : पंखा बंद आहे. आई, ते पाच सूर ऐकून ऐकून माझे कान किटलेत. झोपेत ऐकले तरी ओळखेन. तुम्ही तेच गुणगुणलात, आणि तिसऱ्या सुरानंतर मधेच श्वास घेतलात.

सासू : श्वास घेतला म्हणून कुणी दरडावतं का सासूला? माणूस आहे, घेणारच.

सून : विषय बदलू नका. बसा इथे, माझ्याशेजारी. हेडफोन घाला.

सासू : अगं, सात वाजत आलेत. ह्यांना उठवून बसवायचंय. दाराची वेळ झाली ह्यांच्या.

सून : त्याच दाराबद्दल बोलतेय मी.

सासू : एक मला सांग. इतके दिवस त्या एवढ्याशा दारावर तू करतेस तरी काय? काळा पडदा, पिवळा ठिपका, ठिपक्याची रेघ, रेघेचं दार. दार उघडलं की आत चॅनलची खूण. संपलं, बातम्या सुरू. लोक तेवढ्यात पाणी पिऊन येतात. आणि तू त्याच्यावर जाडजूड बाड लिहितेस!

सून : त्याला आयडेंट म्हणतात, आई. चॅनलची ओळख. चॅनलला आता ते नवीन करून हवंय, म्हणून आमच्या ऑफिसला काम दिलंय. पण नवं करायचं तर आधी जुनं इतकी वर्षं का टिकलं ते कळायला नको? चित्र दोनदा बदललं. आधी हाताने रंगवलेलं दार होतं, मग लाकडाचं मॉडेल, मग कॉम्प्युटरवरचं. आवाज मात्र तोच राहिला. एक बाई नुसती गुणगुणतेय. शब्द नाहीत, काही नाही.

सासू : हं. असेल कुणीतरी.

सून : त्या कुणीतरीलाच शोधतोय आम्ही. आज मी मागची वाद्यं काढून टाकली, नुसता आवाज ठेवलाय. ऐका तर खरं.

सासू : नको.

सून : आई, दहा सेकंदं. लावते हां.

सासू : (हेडफोन ओढून काढत) पुरे.

सून : आई? अहो, काय झालं? पाणी आणू?

सासू : बंद कर ते.

सून : बंदच झालंय. आई, इकडे बघा माझ्याकडे. हा आवाज कुणाचा आहे?

सासू : हळू बोल. आतलं दार उघडं आहे.

सून : म्हणजे?

सासू : म्हणजे काय म्हणजे! माझा आहे.

सून : अगं बाई!

सासू : हळू म्हटलं ना!

सून : तुमचा? तुमचा स्वतःचा? थांबा, मला खाली बसू दे.

सासू : बसलीच आहेस की.

सून : माझं डोकंच चालेनासं झालंय. आई, हा आवाज देशभर वाजतो! रोज! मी शाळेत असताना रोज संध्याकाळी हा आवाज लागायचा आणि माझी आई हाक मारायची, चला जेवायला. मी तुमच्या घरात लग्न करून येण्याआधी तुम्हाला ओळखत होते!

सासू : काहीतरीच तुझं.

सून : काहीतरीच काय? आमचं अख्खं ऑफिस ह्या बाईच्या शोधात आहे. जुन्या माणसांना फोन केले, दोन गायिकांच्या घरी जाऊन आलो, एकीच्या मुलाने तर आम्हाला हाकलून दिलं. आणि ही बाई इथे अभ्रे घालत बसलीय! आई, तुम्ही गाता हेच मला माहीत नाही. तुमच्या मुलाला तरी माहीत आहे का?

सासू : त्याला माहीत नाही, पण तो होता तिथे.

सून : कुठे?

सासू : पोटात. सातवा महिना होता मला. मी त्या चॅनलच्या टेपांच्या खोलीत कामाला होते, टेपांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि कपाटात लावायच्या. काम करताना गुणगुणायची सवय. त्या दिवशी गाणारी बाई आलीच नाही, घसा बसला म्हणे. वाजवणारे ताटकळलेले. रेकॉर्डिंगवाले काका मला ओढत घेऊन गेले. म्हणाले, पोरी, पाच सूर तर आहेत, म्हणून मोकळी हो. मी म्हणून मोकळी झाले.

सून : आणि श्वास?

सासू : तिसऱ्या सुराला तुझ्या नवऱ्याने आतून अशी लाथ मारली की माझा दमच तुटला. कसाबसा श्वास घेतला आणि पुढचं म्हटलं. मी म्हटलं, काका, चुकलं, परत घेऊ. तर ते म्हणाले, नको, हेच ठेवू. मग चित्रवाल्याने त्या श्वासापुरतं दार अडवून धरलं. आधी ते सरळ उघडायचं.

सून : देवा! म्हणजे दार उघडण्याआधी थबकतं ते...

सासू : तुझ्या नवऱ्याची लाथ.

सून : आई, मी त्या थबकण्यावर चार पानं लिहिलीयत! ‘उघडण्याआधीचा संकोच, प्रेक्षकाला आत बोलावण्याआधी घराने घेतलेला श्वास.’ मीटिंगमध्ये वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या!

सासू : वाईट नाही लिहिलेलं. श्वास तर बरोबर ओळखलास.

सून : हसू नका. मला हसावं की रडावं तेच कळत नाहीये. पण लपवलंत का? एवढी मोठी गोष्ट!

सासू : हे.

सून : बाबा? त्यांचं काय?

सासू : लग्नानंतर एकदा ऑफिसच्या समारंभात गायले होते मी. लोकांनी वाहवा केली. घरी येऊन ह्यांनी तोंड असं केलं जणू मी चोरी करून आलेय. म्हणाले, माझ्या बायकोचा आवाज चार लोकांनी ऐकलेला मला खपणार नाही. पुन्हा बाहेर गायचं नाही. झालं. मी वचन दिलं.

सून : दिलंत? असंच? गप्प बसून?

सासू : तेव्हा देत होतो आम्ही. आणि मग हे रेकॉर्डिंग. मी मनाची समजूत घातली की गायले कुठे, नुसतं गुणगुणले. ते इतकी वर्षं वाजेल असं कुणाला वाटलं होतं? ज्या संध्याकाळी पहिल्यांदा लागलं ना, हे समोर बसलेले. मी स्वयंपाकघरात गेले आणि सगळी भांडी मोरीत ओतली.

सून : का?

सासू : ऐकू जाऊ नये म्हणून! दुसऱ्या दिवशी नळ मोठा सोडला. मग सवयच लागली. सात वाजले की मी आदळआपट करणार आणि हे बाहेरून ओरडणार, ‘जरा गप्प बसता येत नाही का दोन मिनिटं?’ आमचं रोजचं भांडण ते. पोरगा म्हणायचा, आई, सात वाजता तुझ्या अंगात येतं का गं?

सून : अहो, तो मलाही सांगतो! ‘आई सातला भांडी आपटते, तिला बातम्या आवडत नाहीत.’ आणि मी आपली तसंच समजून चालले!

सासू : बातम्यांशी माझं काय वाकडं?

सून : आणि घरात? घरात पण गायला नाहीत कधी?

सासू : आवाज ओळखला असता ना. म्हणून घरातलंही बंद केलं. अंगाईसुद्धा नाही म्हटली पोराला. नुसतं थोपटून निजवलं. ह्याचं मात्र वाईट वाटतं हो. अजून वाटतं. जाऊ दे, झालं ते झालं. ऊठ, खुर्ची धर.

सून : नाही जाऊ देणार. आई, नीट ऐका. नव्या आयडेंटमधून हा आवाज काढतायत.

सासू : काढतायत म्हणजे?

सून : मीच काढलाय. आवाज कुणाचा ते सापडलं नाही, आणि वकील म्हणतात नाव नसलेला आवाज नव्याने वापरायचा नाही, उद्या कुणीतरी हक्क सांगत यायचं. म्हणून त्या जागी बासरी टाकली. आठच्या आत फाइल पाठवायचीय. एकदा गेली की संपलं. सोमवारपासून दार बासरीवर उघडणार.

सासू : सोमवारपासून?

सून : हो. आणि बासरीत तो मधला श्वास नाही, त्यामुळे दार थांबणारही नाही. सरळ उघडेल.

सासू : मग ह्यांचं कसं होईल? आजारपणापासून ह्यांना दुसरं काही कळतं की नाही देव जाणे, पण दार लागलं की मान वर करतात. त्यानंतरच घास घेतात. एकदा वीज गेली होती, तर रात्रभर तोंड उघडलं नाही.

सून : म्हणून म्हणते, सही करा. मी संमतीचा कागद टॅबवर काढते. तुमचं नाव, तुमची सही. मी आत्ता साहेबांना फोन करते आणि आवाज परत घालते.

सासू : मी नाही सही करणार.

सून : आई!

सासू : नाव छापून येईल. लोक घरी येतील, फोटो काढतील. ह्यांच्या कानावर जाईल. हा माणूस आता अंथरुणाला खिळलाय, त्याला उठून रागावताही येत नाही. त्याला आता सांगू, की तुमच्या बायकोने तुम्हाला फसवलं? रोज? तुमच्याच घरात?

सून : फसवलं त्यांनी तुम्हाला! गाणं तोडलं तुमचं!

सासू : आवाज चढवू नकोस.

सून : बरं. मग एक विचारू? मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. दार लागलं की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि बातम्या सुरू झाल्या की कमी करतात. तुम्हाला हे कधी विचित्र नाही वाटलं?

सासू : ह्यांचं सगळंच विचित्र. चहा गार करून पितात.

(आतल्या खोलीतून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा.)

सासू : आले हो, आले! बघ, तुझ्या नादात वेळ झाली. धर त्या बाजूने. अहो, पाठ टेका. अशी. उशी सरकवते. अभ्रा धुतलेला आहे हां आजचा. लाव गं टीव्ही.

सासरे : सही.

सासू : काय म्हणालात? पाणी?

सासरे : सही... कर.

सून : बाबा... तुम्ही ऐकलंत सगळं?

सासरे : माहीत... होतं.

सासू : काय माहीत होतं? कधीपासून?

सासरे : पहिल्या... दिवसा... पासून.

सासू : अहो, काय बोलताय कळतंय का तुम्हाला? पहिल्या दिवशी मी सगळी भांडी मोरीत ओतली होती! तुम्ही ऐकलं कसं?

सासरे : श्वास. तुझा. ओळखला.

सासू : ह्या माणसाला माहीत होतं! सूनबाई, ऐकलंस? ह्यांना माहीत होतं! मी इकडे नळ सोडतेय, डबे आपटतेय, जीव मुठीत धरून, आणि हे तिकडे मला गप्प बस म्हणतायत, का? तर माझंच गाणं नीट ऐकू यावं म्हणून!

सून : आई, बसा. बसा आधी.

सासू : नाही बसत! पोराला अंगाई नाही म्हटली मी! अहो, एक शब्द बोलला असतात. एक! नुसतं ‘ऐकलं’ म्हणाला असतात तरी चाललं असतं. का नाही बोललात?

सासरे : लाज... वाटली.

सासू : कसली? बायको गाते ह्याची?

सासरे : नाही. मी... बंद केलं. त्याची.

सून : आई, रडू नका ना.

सासू : रडत नाहीये मी, संतापलेय! ह्यांच्या जागी धडधाकट माणूस असता तर ही उशी फेकून मारली असती. अशा माणसाला मी रोज भरवते! आणि हे... बघ, ह्यांच्याच डोळ्यांत पाणी. आता ते मीच पुसायचं.

सून : आई, सात वाजले. लागतंय.

सासू : गप्प बसा दोघं. मला ऐकू दे.

(टीव्हीवर ते पाच सूर वाजतात. दार थबकतं, मग उघडतं.)

सासू : तिसरा सूर जरा उतरलाय.

सून : काही उतरला नाही.

सासू : उतरलाय. पण बरी गायले होते की मी. मी हे नीट कधी ऐकलंच नव्हतं गं.

सून : आणू का टॅब?

सासू : आण. पण ह्यांनी सांगितलं म्हणून नाही हां, सांगून ठेवते. मला हवंय म्हणून. कुठे करायची सही?

सून : इथे, बोटानेच. आणि वर पूर्ण नाव.

सासू : पूर्ण म्हणजे मधे ह्यांचं नाव आलंच.

सासरे : नको. नुसतं... तुझं.