पाळकीणबाईची साक्ष

मी मूळची वलगावची. बाप दुसऱ्याच्या वावरात राबे, माय मिशनच्या शायेत झाडलोट करे, अन् त्या शायेपायीच मी नर्स झाली. काय सांगू तुमाले बाई, पांढरी साडी नेसून पयल्यांदा घरी गेली तं बाप उठून उभाच राह्यला, बसा म्हनलं तं बसेच नाई. लगन झालं चर्चच्या पाळकासंगं, म्हनून दर्यापूरले आली. हप्ताभर दवाखान्यात बाळंतपनं करे अन् रविवारी चर्चमंदी पयल्या बाकावर पाळकीणबाई म्हनून बसे.

आमचे साहेब, म्हंजे माहे मालक, त्यायचं नाव मी घेत नाई. आंधी मानापायी घेत नव्हती, आता रागापायी घेत नाई. पन खोटं काहून बोलू, पाळक लय चांगले होते. कोनाच्या घरी मयत झाली का सायकल काढून हे सगळ्यायच्या आंधी, मंग घर आपल्या चर्चच्या मंडळीतलं असो, शेखाचं असो का पाटलाचं असो. अन् आवाज असा का भोंगा लागे नाई. त्या आवाजानंच घात केला.

तवा सरकारी दवाखान्यात डॉक्टर टिकेच नाई. अडलेली बाई जीपमंदी टाकून अकोल्याले न्या लागे. एक पोरगी तं रस्त्यातच गेली, माह्या मांडीवर. घरी येऊन म्या साहेबायले सांगतलं, ते जेवता जेवता उठले, हात धुतला अन् दुसऱ्या दिवशी तहसीलसमोर जाऊन बसले. भर उन्हात. सारं गाव त्यायच्या संगं बसलं, डॉक्टर आला. अन् डॉक्टरच्या मांगं मांगं पक्षाचे लोक आले, म्हने पाळकसाहेब, तुमी उभे राहा, तुमाले कोनी नाई म्हननार नाई. साहेब म्हने, प्रार्थना करून सांगतो. सकायी उठले अन् म्हने, देव जा म्हनते. म्या म्हनलं, मले तं काई नाई म्हनला तो. तं हासले.

आंधी जिल्हा परिषद, मंग आमदार. पांढरा झगा पेटीत गेला, जाकीट आलं. अमरावतीले बंगला झाला, मी मातर दवाखान्यापायी दर्यापूरलेच राह्यली. पुलाची फीत कापली का प्रार्थना, गोदामाचं उद्घाटन का प्रार्थना. मालनबाई हासे, म्हने पाळकीणबाई, साहेब आता देवालेबी भाषणच देऊन राह्यले. मालन म्हंजे माही मैत्रीन. रविवारच्या शायेत लेकरायले शिकवे, सत्तरीची म्हतारी माय सांभाळे, बाकी मांगं-पुढं कोनी नाई.

त्या दिवशी आमी दोघी एका बाळंतिणीले पाहाले चाललो होतो, सडकीच्या कडेकडेनं. मांगून रेतीचा टिप्पर आला. मी वाचली, मालन नाई वाचली. बस, येवढंच सांगतो, बाकी मले बोलवत नाई. टिप्पर पुढं जाऊन थांबला, चालवनाऱ्यानं मान बाहेर काढून मांगं पाह्यलं. तालुका अध्यक्षाचा पोरगा होता, साहेबायच्याच पक्षाच्या. लहान होता तवा पोलिओचा डोस म्याच पाजला होता त्याले, मी वयखनार नाई काय? त्यानंबी मले वयखलं. अन् गाडी पयवली.

दुसऱ्या दिवशी पोलिसात भलताच मानूस हाजर केला, म्हने हा चालवत होता. साहेब अमरावतीहून आले, मले आतल्या खोलीत नेलं, म्हने तुले काय दिसलं असन, फुफाटा होता. म्या म्हनलं, फुफाटा नव्हता. म्हने, इलेक्शन तोंडावर आहे. म्या म्हनलं, मालन चर्चमंदी पेटीत आहे.

अन् त्यायनं काय केलं माहीत आहे? पेटीतला झगा काढला, इस्त्री केला, घातला अन् मालनच्या मयतीवर उपदेश केला. म्हने, प्रभूनं आपल्या बहिणीला बोलावून घेतलं, त्याची मर्जी आपण मान्य करावी. पयल्या बाकावर तो अध्यक्ष बसला होता, मान हालवून राह्यला होता. माह्या आंगाची आग झाली बाई. मी उठली. जल्मात चर्चमंदी मोठ्यानं बोलली नव्हती. म्या म्हनलं, साहेब, देव टिप्पर चालवत नाई. कोन चालवत होता ते मले माहीत आहे अन् तुमालेबी माहीत आहे.

 मालनच्या मायनं मान वर केली अन् साहेबायकडे पाह्यत राह्यली. साहेबायनं पुस्तकात डोये घातले.

मी तशीच पायी ठान्यावर गेली. तिथला हवालदार म्हने, बाई, आंधी साहेबायले फोन लावतो. म्या म्हनलं, लाव ना, पन आंधी माही साक्ष लिही. लिहून होईपावतर उठली नाई.

साहेबायचं तिकीट कटलं. मले म्हने, तुवा मले जित्तेपनी गाडलं. चार महिने अबोला होता. कोर्टात वकिलानं इचारलं, नवऱ्यासंगं पटत नाई म्हनून खोटं बोलून राह्यल्या काय? म्या म्हनलं, पटे, मालन मेली त्या दिवसापावतर पटे. अध्यक्षाच्या पोराले सजा झाली. मंग अपील झालं अन् तो जामिनावर सुटला. मोटरसायकलवर फिरते म्हनतात.

मंडळीनं साहेबायले पुन्हा पाळक घेतलं नाई. आता आमी अकोल्याले राह्यतो, जठारपेठेत, भाड्याच्या दोन खोल्यायत. साहेब चर्चमंदी मांगच्या बाकावर बसतात. कोनी प्रार्थना करा म्हनलं तं मान हालवतात, नाई म्हनून. मांगच्या महिन्यात जेवता जेवता म्हने, मी भेलो होतो वो तवा, मले माफ कर. तेवढं आयकाले मले इतके वर्स लागले, पन जीव काई थंडा झाला नाई.

त्यायच्या शुगरच्या गोया मी येळेवर देतो. भाकर गरम देतो. देवानं त्यायले उमर द्यावी, हेबी म्हनतो. पन माफी देनारी मी कोन? मालनची माय अजून जित्ती आहे, दर्यापूरले एकटी बसून आहे. म्या साहेबायले सांगतलं, अकोल्याहून दर्यापूरले दिवसभर एसटी जाते.

अजून तं गेले नाई.