चाक हितं उघडू नको

नाय नाय, बाबा — पाना ठेव तो खाली. फटफटी इकत घ्यायला आलास, बाकी काय बगायचं ते बग, टाकी बग, हँडल बग, बसून बग पायजे तर — पन मागचं चाक हितं नाय उघडायचं. का म्हंजे? मी सांगते म्हनून. गाडी माजी, अंगन माजं. आता तू म्हनशील म्हातारी भांडखोर हाय — म्हन, सगळा गाव म्हनतो. बाजारात मासळी इकून इकून आवाजच असा झालाय. तुमी नगरकडची मानसं हळू बोलता, तुमाला वाटतं आमी सदा भांडतोच. बस त्या ओट्यावर. पानी देऊ? नको? बरं. पाना ठेवलास ना?

गाडी चांगली हाय. मिलिटरीची. माज्या कृष्णकांतानं मुंबैला लिलावात घेतली. त्याआदी आमी बोईसर टेसनापरत मासळी डोक्यावरनं न्यायचो, नशीब असलं तर बैलगाडी. मंग हितं तारापुरात तुमचं ते वीजघराचं काम निगालं, कुटनं कुटनं मानसं आली, 'मछली है क्या' करत दारापरत यायला लागली — मासळीला भाव आला. तवा त्यानं गाडी आनली, मागं लोखंडी चौकट ठोकली, तिच्यावर टोपली बांधायचा न् पाटे निगायचा. गाडी दिसायच्या आदी तिचा वास यायचा. हसतोस? हस. तोबी हसायचा. म्हनायचा, आये, ह्या गाडीवर कुटली पोरगी बसनार नाय, बोंबीलच बसनार.

पन टोपली गळायची ना. बर्फाचं पानी, मासळीचं खारं पानी — सगळं थेंब थेंब मागल्या चाकावर. चाकाच्या मदी तो डबा असतो, त्यात दोन वाकडे तुकडे, पायानं दाबलं का ते फाकतात न् आतनं चाक धरतात — तुला ठावं असंल, पन मला त्यानं उघडून दाखवलं होतं. ते भिजले का धरत नायत. वाळले का गंजतात, मंग एकदा धरलं का सोडत नायत. एकदा चिंचणीच्या वाटेवर असा धरून बसला ब्रेक, का गाडी खांद्यावर घ्यायची तेवडी बाकी ऱ्हायली. आन् पुडचा ब्रेक? तो नुसता नावाला. त्याची तार तुटली होती, तशी तार कुटं मिळत नव्हती. सगळा भार मागच्यावर. मंग काय करायचा — उधान असलं, होड्या बंद असल्या का हितंच अंगनात चाक उघडायचा, ते तुकडे गोड्या पान्यानं धुवायचा न् तिकडं — त्या बोंबलाच्या काठ्या दिसतात ना — तितं बोंबलासंगं वाळत घालायचा. खरं सांगते! बाया ईचारायच्या, नवसे, ही कुटली गं मासळी? मंग बसून गंज घासायचा, परत बसवायचा, मागचा तो कानवाला नट आवळायचा, पाय दाबून बगायचा. चार फेऱ्या मारल्या का परत तेच. बोटं सोलून निगायची त्याची. तरी गाडीला शिवी नाय दिली कंदी.

होता म्हनते मी, ध्यानात आलं ना तुज्या. गेल्या पावसाळ्याआदी गेला. पास्थळच्या वळनावर खडीचा ट्रक हुबा होता, बंद पडलेला. ट्रकवाल्याचा काय दोष नाय, तो बिचारा खाली वाकून चाक बदलत होता. ह्यो आला वळनावरनं, त्यानं पाय दाबला असंल — दाबलाच असंल, काय येडा होता? — न् गाडी थांबली नाय. लोक म्हनतात भरधाव होता. पोलीस तेच बोलले. जवान पोरगा, फटफटी, दुसरं काय असनार! नाय रे बाबा. माजा पोरगा जोरात नाय चालवायचा, टोपली सांडली तर आई जीव खाईल म्हनून. टोपली सांडली ती त्या दिशीच. मी जाईपरत कुत्री आली होती मासळीवर. त्यांना हाकलत बसले मी, कळत नव्हतं काय करते — पोर तिकडं पडलंय न् मी कुत्री हाकलते. जाऊदे.

सारका त्या चाकाकडं का बगतोस? ब्रेक ना? बरा हाय ब्रेक. हाय की. ऱ्हातोस कुटं तू — पालघरला? म्हंजे रोज पालघर ते बोईसर येनार-जानार ह्याच्यावर. आई हाय? हाय. गावाला हाय, वाट बगत असंल बिचारी.

ऐक मंग. बरा नाय ब्रेक. गाडी चालवत नाय न्यायची. रामूची बैलगाडी हाय, तीत घालून ने, पन हितनं बोईसरपरत किक नाय मारायची. तितं टेसनाजवळ झुंबर मिस्त्री हाय, तुमच्याच नगरकडचा — त्याला सांग, नवसीनं धाडलं, मागचं चाक उघड, ते दोन तुकडे फेकून दे न् नवे घाल. धुवून भागनार नाय. झुंबर तुला काय ईचारनार नाय. त्याला ठावं हाय. त्याला न् मला, तिसऱ्याला नाय. का, का, काय लावलंस रे! — बरं, सांगते. आई हाय म्हनलास म्हनून सांगते.

तेल हाय त्यात. मुशी माशाचं तेल. आमी होडीला लावतो ते — खाऱ्या पान्यानं लाकूड खाऊ नये, खिळे गंजू नयेत म्हनून. नांगराला लावतो, कोयत्याला लावतो, दाराच्या कडीला लावतो. खाऱ्याला औषद काय, तर तेल — आमच्या मानसाला जन्मापासनं येवडंच ठावं. आन् आमचा म्हातारा, कृष्णकांताचा बाप, रोज बगायचा — पोरगा गंज घासतोय, पोराची बोटं सोलतात. त्याला बगवायचं नाय. पोरगा मनोरला लग्नाला गेला होता, मी बाजारात. तवा म्हाताऱ्यानं चाक उघडलं. ईतक्यांदा बगितलेलं, हाताला सगळं ठावं होतं. ते दोन तुकडे काडले न् त्यांना तेल पाजलं, होडीला पाजतो तसं, न् बसवलं जसंच्या तसं. सांजेला मला काय बोलला ठावं हाय? आज एक काम केलंय, म्हनला, पोराला आता गंज घासायला नको. येवडा खूश होता. मी म्हनलं काय, तर सांगेना. पोराच्या त्वांडून कवतिक ऐकायचं होतं त्याला.

दुसऱ्या पाटे पोरगा निगाला. वास नाय आला का म्हनतोस — त्या गाडीला मासळीचा वास कंदी नव्हता! आन् गावापासनं सपाट रस्ता, पाटे चिटपाखरू नाय, ब्रेक लागतो कुटं? लागला तो वळनावरच.

मंग गाडी घरी आली. पुडचा भाग चेपलेला, झुंबरला बोलावलं नीट करायला. त्यानं मागचं चाक उघडलं न् भपकन वास आला. मासळीचा नाय, तेलाचा — मला तो फरक कळनार नाय? लगीन होऊन आले तवापासनं त्या वासात ऱ्हाते मी. झुंबर माज्याकडं बगतो. मावशे, म्हनला, ह्याला तेल कुनी लावलं? ब्रेकला कुनी तेल लावतं का? तेवड्यात म्हातारा खाडीवरनं येताना दिसला. मी म्हनलं, बंद कर. हाय तसं बंद कर. महालक्षुमीची शप्पथ घातली त्याला. तवापासनं कुनी उघडलं नाय ते.

राग नाय आला? आला. म्हाताऱ्याला भाकर वाडताना ताट आपटायचे मी. वाटायचं, टाकावं बोलून, तुमीच खाल्लंत माजं पोर. पन कुनाला बोलायचं — आपलेच दात, आपलेच ओठ. त्यानं काय वाईट केलं रे? मायेनंच केलं. तो आदीच जेवत नाय धड. सकाळी उठतो, गाडीची धूळ पुसतो, बाजूला बसून ऱ्हातो. त्याला हे कळलं तर तो जगंल? एक गेला. दुसऱ्याला मी माज्या त्वांडानं कशी ढकलू? म्हनून इकते गाडी. जाळ्यांना जागा पायजे असं सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. ती समोर असली का मला भ्या वाटतं, कोनतरी येईल, चाक उघडंल, न् म्हातारा ईचारंल, हा वास कसला. आज तो खाडीवर गेलाय म्हनून तुला आज ये म्हनलं. कळलं ना आता? ऊठ. तू हँडल धर, मी मागनं ढकलते, रामूच्या दारापरत नेऊ —

थांब. आला वाटतं. आलाच. ब्रेकचं नाव काडू नको, तुला आईची आन हाय.

आलात? लवकर आलात आज. ह्यो पालघरचा, गाडी नेतोय. हो, आवडली त्याला. नाय, चालवून नाय बगितली, तो ढकलतच — रामूच्या गाडीतनं नेतोय, त्याला घाई नाय. अवो, तुमी त्याला काय सांगता? चाक? चाक चांगलं हाय, चाकाला काय धाड भरलीय? काय? ढकलतच ने? तुकडे नवे घाल... पुसून जायचं नाय ते...

कुनी सांगितलं तुमाला? झुंबरनं? मंग कुनी? कुनीच नाय?

वळनावर. गाडी उचलताना. हातानं दाबून बगितला ब्रेक तुमी, न् त्यो धरला नाय. तवापासनं ठावं हाय तुमाला. आन् रोज माज्यासमोर ताटावर बसत होतात, येक अक्षर न बोलता — मला कळू नये म्हनून? मला?

बसा. खाली बसा आदी. माजा हात धरा. धरा म्हनते.

तू जा, बाबा. गाडी ऱ्हाऊदे. आज नको, उद्याबी नको, मंग बगू. पाना घे तुजा न् जा.