अध्यक्षांची खुर्ची

अरे, अध्यक्षपदाचं काय विचारता! आमच्या दंतवैद्य मंडळाचा अध्यक्ष झालो अन् पहिलंच मोफत शिबिर साखऱ्याला घेतलं. दात काढायची खुर्ची मांडली, तर सरपंचांनी मलाच तिच्यावर बसवून हार घातला. भाषणं झाली. मी उठलो, पण पेशंट कुणी बसेना.

"काहून बसत न्हाई?"

"अध्यक्षाच्या खुर्चीवर आमी कसं बसावं?" एक जण हात जोडून म्हणाला.

झालं! म्हटलं, शिबिर बोंबललं. शेवटी गाल सुजलेल्या एका आजीच्या गळ्यात मी माझाच हार घातला. "आजी, आता अध्यक्ष तुमी. बसा."

आजी ऐटीत बसली. तिची दाढ निघाली अन् रांग लागली. सगळ्यांचं एकच म्हणणं, "आधी हार, मंग दाढ."

संध्याकाळी हाराचा नुसता दोरा उरला, पण माझा जीव भांड्यात पडला.