मावशी उठते ते पान

नाही हो दादा, चोरी कशी म्हणता — लेखकाने स्वतःचं पुस्तक मागितलं तर ती चोरी? एकच प्रत मागतोय. तुमच्या या गोदामात छतापर्यंत गठ्ठे लागलेत, उद्या सगळ्यांचा लगदा व्हायचाय, त्यातली एक कमी झाली तर कुणाचं काय जाणार आहे? हो, बरोबर बघितलंत, मुखपृष्ठावर माझं नाव नाही. मालिकेचं नाव मोठं, खाली यानाचा फोटो — माझं नाव आत, दुसऱ्या पानावर, तळाशी, मुंगीएवढं. चष्मा लावून बघा. टीव्हीच्या मालिकेवरची कादंबरी म्हणजे असंच असतं — माणसं त्यांची, यान त्यांचं, ग्रह त्यांचे, आपण मधे मधे ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ घालायचं. हसलात ना? हसा. मी बसतो जरा या गठ्ठ्यावर, हॉस्पिटलातून चालतच आलोय.

मालिका बघता का तुम्ही? नाही — बरं, मग सांगतो. त्या यानावर एक बाई आहे, इंजिन सांभाळते, सगळे तिला मावशीच म्हणतात. हातात कायम पाना, कप्तानालासुद्धा झापते, इंजिनाशी बोलते — ‘चल रे राजा, एवढा ग्रह ओलांडून दे, मग झोप हवं तेवढं.’ माझ्या ताईचा या मावशीवर भारी जीव. ताई म्हणजे सख्खी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हापासून माझा डबा, माझा ताप, माझा मार, सगळं तिच्याकडे. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईची मशिनं दुरुस्त करायची ती, तीस वर्षं केलं — तर मावशी पडद्यावर आली की मला कोपर मारायची, ‘बघ, पाना कसा धरलाय, या बाईला काम येतं.’ आणि गेल्या महिन्यात काय झालं, यान लांबच्या प्रवासाला निघालं, सगळे शीतपेट्यांत झोपले — थंड पेटी असते हो, तिच्यात झोपायचं आणि पोचल्यावर उठायचं — तर सगळे उठले आणि मावशी उठलीच नाही. ताईने टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला गेली. चारच दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, पोटात गाठ आहे, काढावी लागेल, पूर्ण भूल द्यावी लागेल.

आता कळलं? उद्या सकाळी आठला ऑपरेशन आहे आणि बाई सही करायला तयार नाही! ‘झोपवतील, आणि मग झाकण उघडून बघत बसतील,’ म्हणते. हसू येतं ना ऐकून? मलाही आलं होतं, पहिल्या दिवशी. डॉक्टर दोनदा समजावून गेले. उद्याची वेळ हुकली तर पुढची महिन्याने, आणि गाठ महिनाभर थांबायची नाही, हे मला बाहेर बोलावून सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, ताई, अगं ते टीव्हीवाल्यांनी ऐन वेळी बदललं, माझ्या पुस्तकात मावशी उठते, डोळे उघडते आणि पहिलं काय विचारते तर ‘इंजिन कुणी बघितलं?’ — तर म्हणाली, दाखव. टाइप केलेले कागद घेऊन गेलो. तिने हातात घेतले, पालथे ठेवले आणि म्हणाली, ‘हे तू काल बसून लिहिलंस.’

चुकतं कुठे हो तिचं? केलंय मी तसं पूर्वी. भावोजी जहाजावर कामाला गेले आणि त्यांची पत्रं यायची थांबली — मी कॉलेजात होतो, मला तिचं ते दाराकडे बघणं बघवेना — मग मीच लिहायला लागलो, भावोजी होऊन. वर्षभर लिहिली. कशी पकडली माहितेय? एका पत्रात भावोजींनी विचारलं, हाताला भाजलंय ते बरं आहे का — आणि तिचा हात भाजला होता आदल्याच मंगळवारी, जहाजावर ते इतक्यात कळणार कसं! ओरडली नाही. ‘पत्रं छान होती,’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझ्या अक्षरावर तिचा विश्वास नाही. आज सकाळी म्हणाली, ‘छापलेलं आण, बांधलेलं, वर यानाचा फोटो असलेलं. छापखाना काही तू एका दिवसात काढणार नाहीस.’ म्हणून आलो. सही त्या पुस्तकावर अडलीय, दादा. तिच्याशिवाय मला आहे कोण?

काय? पुस्तकात वेगळं आलंच कसं म्हणता? ते — अहो, ते ऑफिसचं प्रकरण. मालिका चित्रित व्हायच्या आधीच आम्हाला स्क्रिप्ट देतात, त्यावरून आम्ही लिहायचं, म्हणजे भाग संपतो तेव्हा पुस्तक दुकानात. मधे काही बदललं की नवी पानं येतात. ती प्रूफवाल्या बाईंनी — छापण्याआधी मजकूर तपासतात त्या — मला द्यायची होती, त्यांनी दिली नाहीत, मला मिळालीच नाहीत, पुस्तक जुन्याच शेवटाचं छापलं, म्हणून सगळ्या प्रती परत मागवून इथे टाकल्या. असं ठरलंय ऑफिसात. बाईंना सोमवारी घरी पाठवलं. एकवीस वर्षं होत्या. वाईट झालं, पण आता चूक ती चूक — खरं तर होऊ नये अशी चूक, बदललेली पानं गुलाबी कागदावर असतात, टेबलावर ठेवली तरी लांबून डोळ्यांत भरतात, ड्रॉवरमध्ये टाकली तरी फटीतून दिसत राहतात —

कुणाच्या ड्रॉवरमध्ये म्हणजे? मी एक उदाहरण — असं काय बघताय?

हो. आली होती. बस्स? आली होती पानं. बाईंनी स्वतः आणून दिली, वर चिठ्ठी लावून — ‘फार वाईट वाटतं, पण मावशी जातेय.’ दोनदा वाचली मी. दादा, त्या मावशीच्या तोंडी निम्मी वाक्यं ताईची आहेत हो, मी घातलेली! ‘चल रे राजा’ हे ताईचं, मशिनशी बोलताना म्हणायची, आणि ते माझ्या आधीच्या एका पुस्तकात आलं ते टीव्हीवाल्यांना आवडलं, त्यांनी उचललं. तिला मी मारू? माझ्या हाताने? मला नाही जमलं. म्हटलं, टीव्हीवर एक, पुस्तकात एक, कोण ताडून बघतंय? बाईंनी विचारलं, ‘शेवट बदललात ना?’ मी म्हटलं, बदलला. त्या म्हणाल्या, ‘मग मी परत बघत नाही, तुमच्यावर विश्वास आहे.’ आणि साहेबांनी सगळ्यांना बोलावलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या. मी खाली बघितलं. ताईचं ऑपरेशन, नोकरी गेली तर औषधं कुठून — हे सगळं होतंच डोक्यात. आणि भीती होती, साधी भीती, तेही सांगतो.

काय म्हणता? फोन? आत्ता? तुमच्या फोनवरून? साहेबांना सांगायचं आणि मग पुस्तक घ्यायचं — बरं. बरोबर आहे. नाही, बरोबरच आहे तुमचं. आणा इकडे. हॅलो — हो, सर, मीच. गोदामातून बोलतोय. नाही, गठ्ठे ठीक आहेत सगळे. सर, ते प्रूफवाल्या बाईंचं — हो. हो ना. हो, फारच निष्काळजीपणा. नाही सर, मला राग नाही त्यांचा. पुढचं पुस्तक? मीच? — हो, करतो की. ताई? बरी आहे, उद्या आहे. थँक्यू सर. ठेवतो.

बोलणारच होतो हो. तुम्ही ऐकलंत ना, विषय मीच काढला, त्यांनी मधेच — मला एक मिनिट द्या, मी परत लावतो, ताईची शपथ, आत्ता लावतो — अहो, हे काय? देताय? खरंच? ...हो. कळलं. ताईसाठी देताय, माझ्यासाठी नाही. कळलं मला. पुन्हा दिसणार नाही इथे. दादा, तुमचे उपकार कसे —

बरं, नाही बोलत. निघतो. पण फोन कशाला उचललात परत? कुणाला लावताय? दादा — मी सांगतो ना साहेबांना, मीच सांगतो, उद्या ती शुद्धीवर आली की पहिलं तेच — दादा, ऐका ना, सकाळी आठपर्यंत तरी —