बारदानाच्या भिंतीआड

मग तुम्हीच सांगा दीपकशेठ, विश्वास ठेवायचा तरी कुणावर? तुम्ही व्यापारी मंडळाचे चिटणीस, उद्याच्या सभेसाठी गल्लीत सगळ्यांचं म्हणणं गोळा करत फिरताय — आणि एकाच शनिवारच्या संध्याकाळबद्दल प्रत्येक जण वेगळीच गोष्ट सांगतोय. शेवटी गोदाम माझं, म्हणून तुम्ही माझ्याकडे. बसा, बसा. त्या तागाच्या गोण्यांच्या गठ्ठ्यावर बसा, दुकानात एवढाच उरलाय, बाकी सगळं बारदान गेलं, देवाच्या कृपेनं. चहा सांगितलाय. नाही, चहाला नको म्हणायचं नाही, नाहीतर मी समजेन गोदाम बंद करायचं आधीच ठरलंय.

आता कारभारी नाना काय म्हणाले ते मला पाठ आहे. गोदामाला लागून त्यांचं घर, त्यांच्या पिंकीला बघायला दिंडोरीचे पाहुणे आलेले, द्राक्षबागवाले, तोलामोलाचे — आणि पोहे वाटायच्या वेळेला शेजारी धडाडधूम सुरू. भिंतीवरचं घड्याळ हललं म्हणतात. पाहुणे उठून गेले. खरं आहे, मी खोटं कशाला म्हणू? पण तुम्ही पिंकीला विचारलंत का? ती म्हणते, मुलगा मला काहीतरी विचारत होता, तीनदा विचारलं, मला एकदाही ऐकू आलं नाही, बरं झालं — त्याच्या तोंडावरून स्वयंपाकाचंच काहीतरी असावं असं वाटत होतं. आता एकाच पोह्यांची ही दोन तोंडं. आणि तिसरी आमची सरुबाई, यार्डात कांदा निवडायला जाते ती. तिला मी विचारलं, काय गं, त्रास होतो का पोरांचा? तर मलाच म्हणते, ‘लय गुणाची पोरं हायेत शेठ. मी निस्ती दारात हुबी व्हते तर बसाया खुर्ची दिली, वर चा. तुमच्या दुकानात कवा दिली व्हती का?’ — दुकानात खुर्ची एकच, तिच्यावर मी.

हां, तर ते आहे काय. पंक म्हणतात त्या संगीताला. गिटारी, ड्रम, आणि गाणारा गात नाही, ओरडतो. दर शनिवारी, पाचला सुरू, आठला बंद. मालक नाही, मॅनेजर नाही, कुणाला पगार नाही — एक जण दारावर, एक जण चहावर, आणि वाजवून झालं की वाजवणारेच झाडू मारतात. मी सातवी नापास होऊन धंद्यात उतरलो, तेव्हापासून माणसं बघतोय, पण पगार न घेता झाडू मारणारी माणसं मी फक्त देवळात बघितली होती. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला वाटलं मारामारी चाललीय. सगळे एकमेकांवर आपटतायत. मी सोडवायला मध्ये घुसलो — सवय आहे हो, यार्डात हमालांची भांडणं कोण सोडवतं? — आणि मीच आडवा झालो. चष्मा एकीकडे, चप्पल एकीकडे. तर काय सांगू, संगीत तसंच चालू, पण चारी बाजूंनी हात आले, मला उचललं, कपडे झटकले, एकानं चष्मा पुसून डोळ्यांवर लावला. मनोज त्याचं नाव. नाशिक रोडला सरकारी नोकरीत आहे, शर्ट खोचलेला, भांग पाडलेला, आणि गिटार अशी वाजवतो जशी काही तिच्याशी त्याची खानदानी दुश्मनी आहे. मला म्हणतो, काका, आमचा नियम आहे, कुणी पडला की आधी उचलायचं. आता मंडळाच्या नियमावलीत असं एखादं कलम आहे का, सांगा. — हसताय ना? हसा.

आणि ती माइकवाली पोरगी. नाना म्हणाले असतील, शिव्या देते. शिव्या नाहीत हो, मी नीट ऐकलंय. शटरपाशी उभा राहून. एकदाच — बरं, बऱ्याचदा. एका बापावर गाणं आहे. पोरगी चित्र काढून दाखवते, बाप विचारतो, भाव काय? पोरगी म्हणते, मला या नोकरीत झोप येत नाही — बाप विचारतो, झोपेचा भाव काय? आणि मग ती सगळी पोरं एका सुरात — सूर कसला म्हणा — भाव काय, भाव काय, भाव काय. मला फार हसू आलं. म्हटलं, हा बाप अगदी आपल्या लायनीतला दिसतोय. मग पुढचं कडवं आलं, की तो आमटीचा घास घ्यायच्या आधी तूरडाळीचा दर सांगतो, आणि अंगणात कोकिळा ओरडली तर म्हणतो, हंगाम उतरला — तेव्हा मी जरा शटरला धरलं. कारण ते कोकिळेचं मी घरातच बोललो होतो. आणि तेव्हा घरात हर्षालीशिवाय कुणी नव्हतं.

— हो. आमची हर्षाली. तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटलं नानांनी सांगितलं असेल. म्हणजे एवढ्या रागातसुद्धा नानांनी पोरीचं नाव घेतलं नाही. मोठा माणूस आहे हो तो. — आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका. पुण्याची नोकरी सोडून आली ती, तेव्हापासून माझ्याशी हो आणि नाही, याच्यापलीकडे शब्द नाही. जेवायला बसली की ताटाशी बोलायची. एक दिवस भिंतीकडे बघत म्हणाली, शनिवारी गोदाम वापरायला द्याल का? मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? — बरोबर. तोंड आहे ते, सवयीनं चालतं. तरी दिलं, फुकट दिलं. आणि तेव्हापासून रविवारी सकाळी ती माझ्यासमोर चहा घेऊन बसते आणि सांगते — कोण मालेगावहून मोटारसायकलवर आला, कुणाची तार तुटली, कोण पडलं, कुणी उचललं. मला त्यातलं अर्धं कळत नाही, मी मान हलवतो. परवा म्हणाली, मंडळानं बंद करायला सांगितलं तर मी पुण्याला परत जाईन. साधं बोलली, चिडून नाही. चिडली असती तर मी समजूत काढली असती.

म्हणून म्हणतो, एकदा चुकली पोरं, सांभाळून घ्या. इतके शनिवार झाले, नानांच्या घरातला कप वाजला नव्हता. मी विचारलंसुद्धा सगळ्यांदेखत, याच वेळी आवाज का वाढवलात? तर हर्षाली म्हणाली, चुकलं आमचं, आणि नानांपुढे हात जोडले तिनं. आता आणखी काय पाहिजे? — माझाही मूड गेला हो, नाहीतर आठवडा काय झकास चालला होता. शुक्रवारी लासलगावची पार्टी आली, उन्हाळ कांद्यासाठी बारदान पाहिजे म्हणून. मी घासाघीस केली, पण मनातून खूष — पूर्ण गोदाम उचललं की त्यांनी. छतापर्यंत थप्प्या लागल्या होत्या, तिन्ही भिंती मोकळ्या झाल्या. भिंतीचा रंग हिरवा आहे हे मी विसरलो होतो. शनिवारी पोरं आली तर दारातच उभी राहिली, भिंतींकडे बघत. मग याला फोन, त्याला फोन, आणि स्कूटरवरून घरोघरच्या गोधड्या आल्या, आमच्या घरातल्यासुद्धा. हर्षाली शिडीवर चढून खिळे ठोकत होती. मी म्हटलं, काय गं, एवढं नाचून थंडी वाजते का तुम्हाला? तिनं पुढचा खिळा ठोकला. आता भिंतीला गोधड्या कशाला टांगायच्या, काय शोभेला —

काय म्हणालात? — नाही, परत म्हणा. — हो, थप्प्या सगळ्या गेल्या. तिन्ही भिंतींच्या. — आवाज... हो, ताग आवाज पितो, ते तर मीच गिऱ्हाइकाला सांगतो, थप्पीआड उभं राहून खुशाल बोला, रस्त्यावर ऐकू जायचं नाही —

थांबा जरा.

म्हणजे गोंगाट पोरांनी वाढवला नाही. मी भिंत विकली. आणि तिला दारातच कळलं होतं. नानांपुढे तिनं हात जोडले तेव्हा मी शेजारी उभा होतो दीपकशेठ, आणि वरून म्हणालो, बघा, आजकालची पोरं.

चहा आला बघा. तुम्ही घ्या, मला नको आता. — नाही, तसं काही नाही. नानांकडे मी जातो, आत्ताच, सभेपर्यंत थांबत नाही. फाटकं बारदान पडलंय मागे, ते आजच पोरांकडून भिंतींना कायमचं ठोकून घेतो, ते विकायचं नाही. तुम्ही फक्त एक करा. उद्या सभेत मांडाल तेव्हा तो शनिवार पोरांच्या नावे टाकू नका, माझ्या नावे टाका. मी मंडळाचा जुना सभासद म्हणून खाडाखोड नको, आणि मला वाईट वाटेल म्हणून वजावट नको. निघा तुम्ही आता. आणि हिशोब खरा ठेवा.